डीडलसच्या कानमुश्या: तांबड्या समुद्रातल्या सात रात्रींच्या डाइव्ह-बोटीचं परीक्षण

इजिप्तच्या तांबड्या समुद्रात डाइव्ह-बोटींचा एक ठरलेला फेरा आहे: ब्रदर्स, डीडलस, एल्फिन्स्टोन ही समुद्रातली तीन प्रवाळ-ठिकाणं. सात रात्री बोटीवरच राहायचं आणि दिवसातून तीनदा पाण्यात उतरायचं. हुरघाडा किंवा पोर्ट घालिबहून अशा बोटी दर आठवड्याला सुटतात. जवळपास प्रत्येकीच्या जाहिरातीत तेच चित्र असतं: निळ्याशार पाण्यात हातोडीसारख्या डोक्याच्या शार्कचा, म्हणजे हॅमरहेडचा, थवा. हे परीक्षण कुठल्या एका बोटीचं नाही, या फेऱ्याचं आहे. कसोटीही एकच लावली आहे: ते चित्र डोळ्यांनी बघायला मिळावं म्हणून ही सेवा नेमकं काय करते आणि कुठे कमी पडते.

निकाल आधीच सांगतो. जून ते ऑगस्टमध्ये जात असाल आणि डीडलसवर किमान दोन पहाटा मिळत असतील, तर हा फेरा जरूर घ्या. एकच पहाट असेल तर ब्रदर्सच्या प्रवाळाच्या उभ्या भिंती आणि एल्फिन्स्टोन बघायला जा. हॅमरहेड दिसले तर नशीब. कॅबिन किती प्रशस्त, जेवणात पदार्थ किती, वरच्या डेकवर जकुझी आहे का, याचा हॅमरहेडशी काडीचाही संबंध नाही. या सफरीत विकत घ्यायची गोष्ट एकच आहे: पहाटे सहाच्या सुमाराला डीडलसच्या उत्तर टोकाशी नीट सोडलं जाणं.

हॅमरहेड म्हणजे आपली कानमुशी. कोकणात मासळीच्या लिलावात दिसतात ती बहुतेक लहान पिल्लं असतात, कारण ही जात किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात विते आणि पिल्लं तिथेच वाढतात. डीडलसला भेटते ती मोठी झालेली, साधारण दोन ते अडीच मीटरची स्कॅलप्ड हॅमरहेड. डोक्याची पुढची कड कातरलेली असते आणि बरोबर मध्यावर एक खाच असते, हीच तिची खूण. ग्रेट हॅमरहेड बहुतेक एकटा फिरतो. त्याच्या डोक्याची कड जवळजवळ सरळ आणि पाठीवरचा पर कोयत्यासारखा उंच वळलेला असतो. थवा करून राहते ती स्कॅलप्ड. २०१९ पासून ती जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे, त्यामुळे एका नजरेत वीस-पंचवीस दिसणं ही आता जगात मोजक्याच ठिकाणी होणारी गोष्ट राहिली आहे.

जागा आणि वेळ

डीडलसला अरबीत अबू किझान म्हणतात. किनाऱ्यावरच्या मर्सा आलम गावापासून समुद्रात सुमारे ९० किलोमीटर आत, चहूबाजूंनी खोल पाणी आणि मध्ये सुमारे ४०० मीटर लांब, १०० मीटर रुंद असं प्रवाळाचं एकच ठिगळ. वर दीपगृह आहे. पहिलं १८६३ मध्ये बांधलं, आताचं १९३१ चं. वारा बहुतेक उत्तरेकडून असतो म्हणून बोटी दक्षिणेच्या आडोशाला बांधतात. शार्क मात्र उत्तरेला, जिथे प्रवाह येऊन टोकावर आपटतो आणि दोन बाजूंना फुटतो. बोट एका टोकाला, मासा दुसऱ्या टोकाला. म्हणूनच झोडियाक, म्हणजे रबरी होडी, आणि ती चालवणारा माणूस या सफरीतला सगळ्यात महत्त्वाचा.

दिवसा हे शार्क समुद्रातल्या अशा एकट्या उंचवट्यांभोवती गोळा होतात आणि रात्री खुल्या समुद्रात शिकारीला पांगतात. शास्त्रज्ञ पीटर क्लिमली यांनी १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या आखातात हेच पाहिलं होतं. थव्यात माद्या जास्त, आणि त्यातल्या मोठ्या माद्या मध्यभागी राहतात हेही त्यांनी नोंदवलं. थवा दिवसा शिकारीच्या नादात नसतो. तो तुमच्यावर चालून येत नाही, उलट बुजतो, आणि सगळ्यात जास्त बुजतो तो रेग्युलेटरच्या, म्हणजे तोंडात धरून श्वास घ्यायच्या नळीच्या, बुडबुड्यांच्या आवाजाला.

पहाटेचा आग्रह यासाठीच. सहाच्या डाइव्हला टोकावर अजून कोणी उतरलेलं नसतं. नऊपर्यंत पाच-सहा बोटींचे पन्नास-साठ डायव्हर तिथे फसफस करून जातात आणि थवा खाली जातो. दुसरं कारण पाण्याचं. उन्हाळ्यात वरचं पाणी २७-२८ अंशांपर्यंत तापतं आणि तिसेक मीटरच्या खाली थंड थर सुरू होतो. त्या सीमेवर पाणी गरम तव्यावरच्या हवेसारखं थरथरताना दिसतं आणि चेहऱ्यावर एकदम गार लागतं. शार्क त्या गार थरात राहणं पसंत करतात. पहाटे ते वर, २०-२५ मीटरपर्यंतही येतात. दुपारी ४० च्या खालच्या सावल्याच उरतात. जुलैत दुपारी अडीचच्या डाइव्हला कोणी 'हॅमरहेड पॉइंट' म्हणून नेत असेल, तर तो नुसता वेळ काढतो आहे.

पहिली दहा मिनिटं

चांगल्या बोटीवर पाचला उठवतात, सव्वापाचला ब्रीफिंग, पावणेसहाला होडीत. ब्रीफिंगमध्ये तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: आज प्रवाह कुठून येतो आहे, जास्तीत जास्त खोली किती, आणि दहा-पंधरा मिनिटांत काहीच दिसलं नाही तर काय करायचं. प्रवाहाबद्दल गाईड कालच्या आठवणीवर बोलत असेल तर ते चालत नाही. जाणता गाईड आधी मास्क लावून होडीतून डोकं पाण्यात घालतो, किंवा स्वतः उडी मारून अर्धा मिनिट बघून येतो. या एका कृतीवरून बोटीची पारख करता येते.

उतरायची पद्धत म्हणजे निगेटिव्ह एंट्री. बीसीडीत, म्हणजे हवा भरून तरंगायच्या जाकिटात, हवा शून्य, 'तीन'ला सगळ्यांनी एकदम मागे पडायचं आणि पृष्ठभागावर न थांबता थेट खाली जायचं. भेटायचं पाच ते दहा मीटरवर. वर थांबलात तर मिनिटभरात प्रवाह तुम्हाला पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या भिंतीकडे ढकलतो आणि उत्तर टोक मागे राहतं. तिथून पाय मारून परत जाणं जमत नाही. जमलंच तर निम्मी हवा त्यातच जाते.

या पद्धतीत चुकीला जागा नाही, कारण बीसीडी रिकामी आहे आणि खाली शेकडो मीटर पाणी आहे. म्हणून होडीत बसल्यावर टाकीच्या व्हॉल्व्हला स्वतःचा हात लावून तो पूर्ण उघडा असल्याची खात्री करा. मग प्रेशर गेजकडे बघत रेग्युलेटरमधून चार लांब श्वास घ्या. काटा जागचा हलता कामा नये. प्रत्येक श्वासाला काटा खाली जाऊन परत वर येत असेल, तर टाकी अर्धवटच उघडी आहे. वर ती पुरेल आणि पंचवीस मीटरवर श्वास अडकेल. हे सगळ्यात जास्त घडतं मदतनीस मुलगा घाईत टाकी उघडतो तेव्हा. तो उघडायच्या ऐवजी बंद करून पाव फेरा मागे फिरवतो. त्यानंतर इन्फ्लेटरची, म्हणजे बीसीडीत हवा भरायची, नळी बसली आहे का ते बटण एकदा दाबून बघा आणि ती हवा पुन्हा पूर्ण काढा. बीसीडी छातीशी दाबून, इन्फ्लेटर डोक्याच्या वर धरून काढा, नाहीतर खांद्याशी हवेचा फुगा राहतो आणि बाकीचे खाली जात असताना तुम्ही बुचासारखे वर तरंगता. नव्या सूटमुळेही हे होतं. पाच मिलिमीटरचा कोरा सूट असेल तर नेहमीपेक्षा एक-दोन किलो जास्त वजन लागतं, आणि ते पहिल्या दिवसाच्या चाचणी डाइव्हलाच ठरवून टाकायचं.

कान अडला तर तिथेच थांबा, मीटरभर वर या, पुन्हा प्रयत्न करा. बडीने, म्हणजे जोडीदार डायव्हरने, तुमच्यासोबत थांबायचं असतं. या उतरणीत कानावर जोर केला तर उरलेला आठवडा डेकवर बसून काढावा लागतो. सर्दी झालेल्या माणसाने पहाटेची डाइव्ह सोडलेली बरी.

खाली पोहोचल्यावर भिंतीला चिकटून राहू नका. टोकापासून वीस-तीस मीटर बाहेर, पंचवीस मीटरच्या आसपास, भिंत पाठीमागे धूसर दिसेल अशा अंतरावर गटाने एका पातळीत आडवं तरंगत राहायचं. ती धूसर रेघ हाच तुमचा एकमेव संदर्भ. ती सरकायला लागली की प्रवाह ढकलतो आहे. ती दिसेनाशी झाली की गाईडने गट आत घ्यायलाच हवा. निळ्या पाण्यात वर-खालीचं भान फार लवकर सुटतं. शार्क शोधत खाली बघता बघता माणूस नकळत पाच-सात मीटर बुडतो. दर अर्ध्या मिनिटाला खोली दाखवणारा डाइव्ह-कॉम्प्युटर बघायची सवय इथे उपयोगी पडते.

आता खरी कसोटी. आधी दिसतं ते काहीच नाही. मग निळ्यापेक्षा जरा गडद असा एक डाग, आणि तो हलतो आहे की डोळ्यांना भास होतो आहे हे कळत नाही. मग त्या डागाचं डोकं डावी-उजवीकडे झुलताना दिसतं. दुसरा शार्क इतकं डोकं झुलवत पोहताना सहसा दिसत नाही. त्याच्या मागे दुसरा, पाठोपाठ तिसरा, आणि मग लक्षात येतं की पहिल्या डागाच्या खालचा सगळा अंधार म्हणजेच थवा आहे. त्या वेळी करायची गोष्ट एकच: काही करायचं नाही. पाय थांबवा, हात छातीशी घ्या, श्वास लांब आणि सावकाश सोडा. श्वास रोखू मात्र नका. रोखल्याने फुप्फुसं फुगून तुम्ही वर जाऊ लागता आणि ते धोक्याचं आहे. टाकीवर कडी वाजवून मित्राला बोलावणं, टॉर्च मारणं, फ्लॅश उडवणं, सगळं बंद. खूण करायची असेल तर दोन्ही मुठी डोक्याच्या दोन बाजूंना धरा, पुरे.

गट शांत राहिला तर थवा बऱ्याचदा वळसा घालून परत येतो, कधी दहा-बारा मीटरपर्यंत. एकाने कॅमेरा पुढे करून पाय मारले की पहिले दोन शार्क अंग तिरकं करतात, पांढरं पोट चमकतं आणि पाच सेकंदांत सगळं पाणी रिकामं होतं. एका माणसाच्या हौसेची किंमत अकरा जण मोजतात. हे गाईडने ब्रीफिंगला ठणकावून सांगायला हवं. या फेऱ्यावरच्या सेवेची सगळ्यात मोठी उणीव हीच आहे की बरेच गाईड पाहुणे नाराज होतील म्हणून ते सांगत नाहीत. काही तर स्वतःच पुढे पोहत जातात.

हवेचं गणित

हे संरक्षित सागरी उद्यान (मरीन पार्क) असल्याने ब्रीफिंगमध्ये बहुतेक ३० मीटरची मर्यादा सांगतात आणि ती पाळण्याची कारणं आकड्यांतच आहेत. ३२ टक्के नायट्रॉक्सची, म्हणजे जास्त ऑक्सिजन मिसळलेल्या हवेची, मर्यादा १.४ बार (बार हे दाबाचं एकक) ऑक्सिजन दाबाला ३३ मीटरच्या थोडी पुढे संपते. ४० मीटरला तोच दाब १.६ होतो, आणि तिथे जास्तीच्या ऑक्सिजनमुळे झटका आला तर रेग्युलेटर तोंडातून सुटतो. थवा बऱ्याचदा नेमका ३८-४० मीटरवर रेंगाळत असतो, मोह तिथेच होतो. बोटीवर प्रत्येक टाकीचं मिश्रण स्वतः ॲनालायझरवर मोजा, टाकीवर लिहा आणि वहीत सही करा. 'सगळ्या बत्तीसच आहेत' असं सांगून मोजू न देणारी बोट असेल तर नायट्रॉक्स घेऊ नका, साधी हवा घ्या.

श्वास मिनिटाला २० लिटर धरला तर ३० मीटरवर तो ८० लिटर होतो. १२ लिटरची टाकी २०० बारला २,४०० लिटर देते. ५० बार राखून १,८०० उरतात, म्हणजे सुमारे २२ मिनिटं. प्रवाहाविरुद्ध पाय मारले, श्वास दुप्पट झाला, की अकरा. यातूनच उतरण्याचा, निळ्यातून परतण्याचा आणि सेफ्टी स्टॉपचा, म्हणजे वर येण्याआधी पाच मीटरवर थांबण्याचा, हिशेब बसवायचा आहे. म्हणून हवा जास्त लागणाऱ्यांनी १५ लिटरची टाकी बुकिंगच्या वेळीच मागून घ्यावी. बोटीवर त्या मोजक्या असतात आणि पहिल्या संध्याकाळी संपतात. आमचा सल्ला: निळ्यात जास्तीत जास्त पंधरा मिनिटं, किंवा १२० बार, जे आधी होईल ते. मग १५-१८ मीटरवर येऊन भिंतीकडे वळा.

आणि भिंत काही कमी नाही. पश्चिमेच्या बाजूला समुद्रफुलांची एक अख्खी वस्ती आहे. गाईड तिला ॲनिमोन सिटी म्हणतात. सकाळच्या उन्हात तिथले क्लाउनफिश बघत दहा मीटरवरून सावकाश वर येणं हा उत्तम शेवट आहे. पाच मीटरवर तीन मिनिटं सक्तीची, पाच थांबलात तर आणखी चांगलं.

परत घ्यायला झोडियाक येते, पण लाटांत तिला बुडबुडे दिसत नाहीत. म्हणून एसएमबी, म्हणजे नारंगी फुगा, प्रत्येकाकडे हवाच, निदान दीड मीटर उंचीचा. तो सोडताना त्याच्या दोरीचं रीळ अडकलं तर हातातलं रीळ सोडून द्या. त्याच्यासोबत वर ओढले गेलात तर फुप्फुसाला इजा होते. रिळाची कडी अंगाला अडकवून फुगा सोडणं ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. निळ्यातच भरकटलात आणि भिंत दिसेनाशी झाली, तर वाट बघू नका. गट एकत्र ठेवून वर यायला लागा आणि फुगा लवकर सोडा. शिट्टी आणि छोटा आरसा खिशात असू द्या. होडीत चढताना आधी वजनं, मग बीसीडी वर द्यायची, फिन शेवटपर्यंत पायात ठेवायच्या आणि दोरी धरून लाथ मारत वर यायचं. रेग्युलेटर बीसीडी वर देण्याच्या शेवटच्या क्षणापर्यंत तोंडात ठेवायचा असतो, कारण लाट नेमकी त्याच क्षणी तोंडावर येते.

बोट, आणि जिथे तडजोड करू नये

जेवण सगळीकडे भरपूर असतं. शाकाहारी माणसाची भात, मसूर, भाज्या, 'फुल' नावाची कडधान्याची उसळ आणि पोळीसारख्या भाकरीवर सोय होते. आधी कळवा म्हणजे झालं. ब्रदर्सहून डीडलसचा रात्रभराचा प्रवास उघड्या समुद्रातला आहे आणि बोट हलते. उलटीची गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्या, सुरू झाल्यावर नाही. बाकी सोयींबद्दल एवढंच पुरे.

सुरक्षेबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं. जून २०२३ मध्ये मर्सा आलमजवळ एका डाइव्ह-बोटीला आग लागून तीन ब्रिटिश पर्यटक गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये याच किनाऱ्यावर पहाटेच्या सुमारास आणखी एक बोट उलटून बुडाली. ११ जण मृत किंवा बेपत्ता झाले. म्हणून बोटीवर पाय ठेवल्यावर सामान लावण्याआधी हे बघा. खालच्या कॅबिनमधून जिन्याशिवाय दुसरी वाट आहे का, तिची झडप स्वतः उघडून बघा. कुलूप असेल, किंवा ती दुसऱ्याच कॅबिनमध्ये उघडत असेल, तर वरची कॅबिन मागा. धुराचा अलार्म चालू आहे का? रात्री जागा पहारेकरी असतो का? कॅमेऱ्याच्या आणि टॉर्चच्या बॅटऱ्या चार्ज करायला वेगळी, नजरेखालची जागा आहे का? कॅबिनमध्ये उशीपाशी बॅटरी चार्ज करू देणारी बोट आम्ही कोणालाही सुचवणार नाही. पहिल्याच संध्याकाळी लाइफ जॅकेट घालून कवायत झाली नाही तर ती मागून घ्या. पासपोर्ट, औषधं, टॉर्च आणि फोन एका छोट्या पिशवीत दाराशी ठेवून झोपा.

डीडलसवर बेंड्सची, म्हणजे रक्तात वायूचे बुडबुडे होण्याच्या आजाराची, लक्षणं दिसली तर त्यावर उपचाराचं प्रेशर चेंबर किनाऱ्यावर आहे, म्हणजे कित्येक तास लांब. तोवर शंभर टक्के ऑक्सिजन हाच उपचार. बोटीवर ऑक्सिजनच्या किती टाक्या आहेत आणि त्या भरलेल्या आहेत का, हे विचारायला संकोच करू नका. डाइव्ह विमा तुमचा स्वतःचा हवा. भारतातल्या साध्या ट्रॅव्हल विम्यात स्कूबा बहुधा वगळलेलं असतं किंवा खोलीची मर्यादा असते, पॉलिसीतली ती ओळ शोधून वाचा.

खर्च आणि कोणी जावं

दोघांत एक कॅबिन धरून सात रात्रींचे साधारण १,००० ते १,६०० युरो. त्यावर मरीन पार्कचं शुल्क, इंधन अधिभार, काही ठिकाणी नायट्रॉक्स, १५ लिटरची टाकी, भाड्याचं सामान आणि शेवटी बोटीवरच्या सगळ्यांसाठी टिप. जाहिरातीतला आकडा बघून ठरवू नका, 'सगळं धरून किती' ते लेखी मागा. मुंबईहून कैरो, तिथून देशांतर्गत विमानाने हुरघाडा किंवा मर्सा आलम हा सोपा मार्ग. शेवटची डाइव्ह आणि परतीचं विमान यांत २४ तास ठेवा.

तुलनेला गॅलापागोसची वुल्फ आणि डार्विन बेटं आहेत. तिथे खडकाला धरून बसायचं असतं आणि समोरून शेकड्यांनी हॅमरहेड जातात. पण खर्च कित्येक पट. नुसतं राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेशशुल्कच ऑगस्ट २०२४ पासून परदेशी प्रौढाला २०० डॉलर आहे. डीडलसला थवे लहान, कधी पाच, कधी तीस, आणि कधी तीनही डाइव्ह कोऱ्या. पैसे आणि अंतर धरता भारतातून जाणाऱ्याला डीडलसच योग्य, असं आमचं ठाम मत आहे.

किमान ५० नोंदलेल्या डाइव्ह हा तिथला नियम आहे, आणि तो कागदी समजू नये. तारकर्लीला किंवा गोव्याला ओपन वॉटर हा पहिला कोर्स केलेल्या माणसाची सवय दहा-पंधरा मीटरच्या तळाची आणि गढूळ पाण्याची असते. तिथे खाली बघितलं की वाळू दिसते. डीडलसला खाली काहीच दिसत नाही, आणि त्या 'काहीच नाही'ची भीती पहिल्यांदा तिथेच कळू नये. आधी अंदमानात खोल आणि प्रवाहाच्या डाइव्ह करा, नायट्रॉक्सचा कोर्स करा, आणि तळ नसलेल्या पाण्यात डोळ्यांसमोर कॉम्प्युटर धरून पाच मिनिटं एकाच खोलीवर अर्ध्या मीटरच्या आत स्थिर राहण्याचा सराव करा. हे जमलं की फुगा सोडतानाही खोली तशीच राहते का बघा. न जमताच गेलात तर थवा समोर असताना तुमचं सगळं लक्ष बटणांवर राहील.

छायाचित्रांबद्दल थोडंसं. लाल फिल्टर त्या खोलीवर निरुपयोगी आहे. ॲक्शन कॅमेऱ्यात दहा मीटरवरचा शार्क मुंगीएवढा येतो. मोठा कॅमेरा असेल तर फ्लॅश बंद, शटर १/१२५, आयएसओ ४०० ते ८००, आणि उगवत्या प्रकाशाच्या बाजूला पाठ. पण पहिल्या पहाटे कॅमेरा बोटीवरच ठेवलात तर जास्त दिसेल.

ऑक्टोबरनंतर जात असाल तर हॅमरहेड विसरा. तेव्हा डीडलसला ओशनिक व्हाइटटिप शार्क येतात, थेट बोटीखाली पृष्ठभागाशी. ते बुजरे नसतात. त्यांच्याकडे सतत तोंड ठेवावं लागतं, आणि पाण्यात पाय सोडून बसणं, बोटीवरून पोहायला उडी मारणं किंवा उष्टं पाण्यात टाकणं टाळावं लागतं. ती वेगळी सफर आहे आणि तिची तयारीही वेगळी.

ॲडव्हान्स भरण्याआधी बोटवाल्याला मेलवर चार प्रश्न विचारा. डीडलसवर पहाटा किती? एका गाईडमागे डायव्हर किती (आठपेक्षा जास्त नकोत), आणि सगळे गट एकाच वेळी उत्तर टोकाशी सोडता की अंतराने? १५ लिटरची टाकी आजच राखून ठेवता का? वाऱ्यामुळे डीडलस गाठता आलं नाही तर त्याऐवजी कुठे नेणार? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मोकळेपणाने 'हवामान बिघडलं तर जाणार नाही, फ्युरी शोल किंवा किनाऱ्याजवळच्या रीफवर नेऊ' असं आलं तर ती बोट विश्वासाची. 'आम्ही दर आठवड्याला जातोच, हॅमरहेडची गॅरंटी' असं आलं तर दुसरी बोट शोधा.